एसीत गॅस भरण्याआधी तो फ्लॅप एकदा बघा

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत उन्हाळ्यात गाडीची काळजी कशी घ्यावी यावर अख्खं पान आलं होतं. पान चांगलं होतं, टायरची हवा, कूलंट, वायपर, बॅटरी सगळं होतं त्यात, पण एसीच्या चौकटीत एकच सल्ला, की दरवर्षी उन्हाळ्याआधी एसीचा गॅस टॉपअप करून घ्या, आणि तेवढं वाचून मला राहवलं नाही. कारण या एका वाक्यावर आमच्याकडे मार्च ते जून किती दुकानं चालतात ते मी बघतोय. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, माणूस घामाघूम होऊन दुकानात येतो, काहीही करा पण गार हवा द्या म्हणतो, आणि समोरचा गॅसचं मशीन लावून मोकळा होतो.

तर पहिली गोष्ट. गाडीच्या एसीतला गॅस हा बंद पाइपांत फिरत असतो, गाडी चालवली म्हणून तो संपत नाही. रबरी पाइपांतून अन् सीलमधून वर्षानुवर्षं थोडाफार झिरपतो हे खरं, पण दरवर्षी भरावाच लागत असेल तर कुठंतरी लीक आहे आणि ते शोधून बंद करायला पाहिजे. आणि गॅस पुरेसा असताना वरून अजून ढकलला तर प्रेशर वाढतं, कूलिंग उलट कमी होतं आणि गॅस दाबणाऱ्या कॉम्प्रेसरवर ताण येतो. शिवाय आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत जो आर-१३४ए गॅस असतो तो हवेत सोडला तर वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त उष्णता धरून ठेवतो, म्हणजे ज्या उन्हाने आपण वैतागलो त्यातच भर.

पण मला बोलायचंय ते गॅसबद्दल नाही, फ्लॅपबद्दल, म्हणजे गार-गरम हवेची वाट बदलणाऱ्या झडपेबद्दल. एसी पूर्ण चांगला असतो, गॅस पुरेसा असतो, कॉम्प्रेसर चालू असतो आणि तरी गाडीत गरम हवा येते, असं होऊ शकतं. आमच्या गाडीत झालं. त्याचं कारण डॅशबोर्डच्या आत बसलेली, ही झडप फिरवणारी, काडेपेटीपेक्षा जरा मोठी एक प्लास्टिकची मोटर. तिला कुणी फ्लॅप मोटर म्हणतं, कुणी अ‍ॅक्च्युएटर म्हणतं, कंपनीच्या बिलावर अजून काही लांबलचक नाव असतं.

हे कसं चालतं ते थोडक्यात सांगतो, मी वीजखात्यातून रिटायर झालेला माणूस आहे त्यामुळे थोडं लांबलं तर सांभाळून घ्या. डॅशबोर्डच्या मागे एक मोठा प्लास्टिकचा डबा असतो. ब्लोअर हवा ढकलतो, ती आधी कूलिंग कॉइलमधून जाते आणि गार होते. त्याच्या पुढे हीटरची छोटी जाळी असते, तिच्यातून इंजिनचं गरम पाणी फिरत असतं, आणि ते पाणी इंजिन तापल्यावर ९० डिग्रीच्या आसपास असतं. या दोघांच्या मध्ये एक झडप म्हणजे फ्लॅप. तो एका बाजूला पूर्ण असला की सगळी हवा हीटरला वगळून थेट तुमच्या तोंडावर येते, दुसऱ्या बाजूला असला की सगळी हीटरमधून जाते, आणि मधे असला की बाथरूमच्या मिक्सर नळासारखं गार-गरम मिसळून येतं. तुम्ही २२ वर ठेवा की २६ वर, बहुतेक गाड्यांत कॉइल तेवढीच गार असते, फरक पडतो तो या फ्लॅपने. साध्या गाड्यांत हा फ्लॅप नॉबला जोडलेल्या तारेने म्हणजे केबलने फिरतो. ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोल असलेल्या गाड्यांत तो मोटरने फिरतो. आणि फ्लॅप एकच नसतो बरं का, एक तापमानाचा, एक हवा पायावर की तोंडावर की काचेवर हे ठरवणारा, आणि एक बाहेरची हवा घ्यायची की आतलीच फिरवायची त्याचा. ड्रायव्हरला वेगळं आणि बाजूच्याला वेगळं तापमान अशी सोय असली तर तापमानाचे दोन. म्हणजे मोटरी तीन-चार.

आता या मोटरीत असतं काय, तर एक अगदी बारकी डीसी मोटर, तिच्यावर प्लास्टिकच्या दात्यांची तीन-चार चाकं, आणि एक पोटेन्शिओमीटर म्हणजे फ्लॅप आत्ता कुठे आहे ते व्होल्टेजमधून कंट्रोल युनिटला म्हणजे एसीच्या छोट्या कॉम्प्युटरला सांगणारी पट्टी. बिघडायचं म्हटलं तर चाकं आणि पट्टी दोन्ही बिघडतात. प्लास्टिकचा एखादा दाता तुटला की गाडी सुरू करताना डॅशबोर्डमधून टक टक टक टक आवाज येतो, थोडा वेळ येतो आणि बंद होतो, कारण कंट्रोल युनिट फ्लॅपला टोकापर्यंत न्यायचा प्रयत्न करतं आणि चाक त्याच जागी घसरत राहतं. आणि पट्टी झिजली तर आवाज येईलच असं नाही, पण युनिटला खोटी जागा कळते, ते बिचारं फ्लॅप पुढे-मागे करत बसतं किंवा अर्ध्यावर सोडून देतं.

आमच्याकडे टकटक बरेच दिवस येत होती. सौ. म्हणे उंदीर शिरला असेल, आणि तसं होतंही, पावसाळ्यात उंदीर वायरी कुरतडतात हे गाडीवाल्यांना नवीन नाही. मग उन्हाळा लागला आणि मजा अशी की सकाळी गाडी काढली की हवा एकदम गार, आणि मूर्तिजापूरपर्यंत जाईस्तोवर कोमट, मग गरमच. इथेच खरं तर उत्तर होतं. इंजिन थंड असताना हीटरमधलं पाणीही थंड, त्यामुळे फ्लॅप अर्धा उघडा राहिला तरी कळत नाही. इंजिन तापलं की कळतं. पण सर्व्हिस सेंटरमध्ये हे मी नीट सांगूनही त्या अ‍ॅडव्हायझर मुलाने जॉब कार्डावर 'एसी कूलिंग कमी' एवढंच लिहिलं. गॅस काढून परत भरला, केबिन फिल्टर बदलला, बिल केलं. फरक शून्य. परत गेलो तर सांगितलं की आता अख्खा एसीचा डबा बदलावा लागेल, कॉइल, हीटर, फ्लॅप, मोटरी सगळं एकत्रच येतं, डॅशबोर्ड पूर्ण उतरवावा लागेल, एस्टिमेट चाळीस हजारांच्या पुढे. मी विचारलं, नक्की कोणता पार्ट खराब आहे? तर म्हणे, "सर, ते खोलल्यावरच कळेल." मग खोलायच्या आधी चाळीस हजारांचा आकडा कुठून आला हे मात्र त्याला सांगता येईना.

सर्व्हिस सेंटरचं नाव लिहीत नाही, कारण एकाचं नाव लिहून उपयोग नाही, थोड्याफार फरकाने हेच अनुभव मला चार ठिकाणच्या लोकांनी सांगितलेत.

शेवटी गाडी नेली ती आमच्या भागातल्या एका एसीवाल्याकडे, पत्र्याचं शेड, दोन पोरं हाताखाली. त्याने मशीन लावलंच नाही. बॉनेट उघडलं, एसी चालू ठेवायला सांगितला आणि कॉइलकडून कॉम्प्रेसरकडे येणाऱ्या जाड पाइपावर हात ठेवला. मलाही ठेवायला लावला. पाइप बर्फासारखा गार, वरून पाणी सुटलेलं. गाडीखाली पण नळीतून पाणी टपटप पडत होतं. म्हणाला, "काका, गॅस त बरोबर आहे तुमचा, कॉइल पण मस्त थंडी होऊन राहिली. गरम हवा मधातून कुठून येऊन राहिली ते पाहा लागते." मग तापमान एकदम खाली, एकदम वर असं करून ग्लव्ह बॉक्सपाशी कान लावला आणि मला म्हणाला ऐका. टक टक टक.

संपादक साहेब, ही तपासणी फुकट आहे आणि कुणालाही करता येते, फक्त हात घालताना पंख्यापासून आणि बेल्टपासून लांब राहा. जाड पाइप गार, गाडीखाली पाणी, आणि तरी डॅशबोर्डच्या जाळीतून गरम हवा, तर पहिला संशय फ्लॅपवर घ्यायचा. पाइपच गार नसेल तर मग गॅस, कॉम्प्रेसरचा क्लच, पुढची, गॅस निववणारी कंडेन्सरची जाळी, तिचा पंखा हे बघायचं, तिथे फ्लॅपचा काही संबंध नाही. आणि केबलवाली साधी गाडी असेल तर कधी कधी नुसती केबलची क्लिप निघालेली असते, नॉब गरगर फिरतो आणि आत काही हलत नाही, ती परत बसवली की काम झालं.

घरी आल्यावर मी माझा जुना व्होल्टेज मोजायचा मीटर काढला. आमच्या मोटरीला पाच वायरी आहेत, दोन मोटर फिरवायच्या, तीन त्या पट्टीच्या, एकीवर ५ व्होल्ट, एक अर्थ आणि मधली सिग्नलची. मधल्या वायरीवर मागून टाचणी लावून बघितलं तर तापमान हळूहळू वाढवताना व्होल्टेज पण हळूहळू बदलायला पाहिजे, आमचं मधेच उडी मारत होतं आणि एका ठिकाणी अडकून बसत होतं. सगळ्या गाड्यांत पाच वायरी नसतात, काहींत टप्प्याटप्प्याने फिरणारी स्टेपर मोटर असते, काही नवीन गाड्यांत डेटाची वायर असते, तिथे मीटरचं काही चालत नाही, गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारा स्कॅनर लावावा लागतो, पण तिथे स्कॅनर उलट सरळ कोडच देतो की अमुक मोटर जागेवर जात नाही. म्हणजे खोलल्याशिवाय कळत नाही हे म्हणणं टिकत नाही.

बदलायला काय लागलं? बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून थोडा वेळ थांबलो, कारण त्या बाजूला एअरबॅग असते, तिच्याशी खेळ नाही. ग्लव्ह बॉक्स काढला, त्याच्या मागे डब्याच्या बाजूला मोटर, तिला तीन छोटे स्क्रू आणि एक कनेक्टर. त्यातला एक स्क्रू अशा जागी की हात मुरगळून, आरसा धरून, दोन शिव्या देऊन काढावा लागतो, वेळ गेला तो तिथेच. मोटर निघाल्यावर एसीवाल्याने जे केलं ते मला फार आवडलं, त्याने नवीन लावायची घाई केली नाही, आधी फ्लॅपचा दांडा बोटाने फिरवून बघितला. या टोकापासून त्या टोकापर्यंत हलका फिरला. तो जड गेला असता किंवा मधे अडला असता तर नवीन मोटर पण काही महिन्यात गेली असती. आणि अडायला कारणं असतात, डॅशबोर्डवरच्या काचेखालच्या फटीतून काय काय आत पडतं याची कल्पना नसते लोकांना, पेनाचं टोपण, नाणं, पार्किंगची पावती, गणपतीपुढची सुपारी, अगरबत्तीची काडी. एसीवाल्याने सांगितलं की एका गाडीतून त्याने रुद्राक्षाचे मणी काढलेत. फ्लॅपच्या कडेचा फोम सुटून त्याचे काळे तुकडे जाळीतून अंगावर उडतात, ते पण लक्षण बघून ठेवावं.

जुनी मोटर आम्ही तिथेच उघडली. एका चाकाचे सलग काही दाते सपाट झालेले, बाकी चाक नव्यासारखं, कारण फ्लॅप पूर्ण गोल फिरतच नाही, त्याच त्या थोड्या दात्यांवर सगळा मार पडतो. काही कारागीर चाक फिरवून न झिजलेली बाजू पुढे आणतात आणि तीच मोटर परत लावतात. जुगाड म्हणून वाईट नाही, पण पट्टीची आणि चाकाची जागा जुळली नाही तर युनिटला उलटंच काही कळतं, आणि आमची तर पट्टी पण गेलेली, म्हणून नवीनच घेतली. नवी मोटर सुटी मिळाली, अकोल्यात नाही, नागपूरहून मागवली, आणि मजुरी धरून सगळा खर्च त्या चाळीस हजारांच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास आला.

एक काम लोक विसरतात ते कॅलिब्रेशन. नवीन मोटरला दोन्ही टोकं कुठे आहेत हे युनिटला शिकवावं लागतं. काही गाड्यांत बॅटरीची वायर परत लावून चावी फिरवली आणि बटणांना हात न लावता थोडा वेळ सोडून दिलं की ती स्वतःच फ्लॅप इकडून तिकडे नेऊन शिकते. काहींत पॅनलवरची दोन बटणं एकदम दाबून धरायची असतात. आणि काहींत कंपनीचाच स्कॅनर लागतो. हे न करता गाडी दिली तर नवीन मोटरही टकटक करते, आणि मग गिऱ्हाईक म्हणतं पार्ट डुप्लिकेट दिला.

आणि इथेच माझं मूळ म्हणणं आहे. पार्ट सुटा असताना 'सगळं एकत्रच येतं' असं सांगणं, आणि कॅलिब्रेशनची माहिती फक्त आपल्याच वर्कशॉपात ठेवणं, या दोन्हीमुळे तो शेडमधला हुशार माणूस अडतो आणि आपल्याला पर्याय राहत नाही. हे काही माझ्या एकट्याच्या डोक्यातलं नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ ला १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींचा दंड याच कारणासाठी ठोठावला होता, सुटे पार्ट आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत म्हणून. प्रकरण पुढे वर अपिलात गेलं ते सोडा, पण आयोगाने मुद्दा मान्य केला होता. त्यानंतर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक विभागाने राइट टू रिपेअरसाठी, म्हणजे आपली वस्तू आपल्याला हवी तिथे दुरुस्त करून घेण्याच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यात शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं यांच्याबरोबर गाड्याही आहेत, डिसेंबर २०२२ मध्ये त्याचं पोर्टल पण सुरू झालं. पोर्टलवर कंपन्यांनी मॅन्युअल आणि पार्टची माहिती टाकावी असा हेतू आहे. माझ्या मते नुसत्या हेतूने काही होत नाही, प्रत्येक मॉडेलची कॅलिब्रेशनची पद्धत आणि सुट्या पार्टचा नंबर-किंमत उघड करणं सक्तीचं केलं पाहिजे. यात कंपनीचं कोणतं गुपित फुटतं ते मला तरी कळत नाही, एका झडपेला टोक कुठे आहे हे शिकवायचं त्यात गुपित कसलं.

तोवर ग्राहकांनी आपल्यापुरतं एवढं करावं. जॉब कार्डावर आपलं लक्षण आपल्या शब्दांत लिहून घ्यावं, 'इंजिन तापल्यावर गरम हवा, सुरू करताना टकटक' असं. डॅशबोर्ड उतरवायला परवानगी द्यायच्या आधी कोणता पार्ट, कोणत्या तपासणीवरून, हे लेखी मागावं. बदललेला जुना पार्ट परत मागावा. बिल घ्यावंच, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापार प्रथा धरली आहे. आणि नाहीच ऐकलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर आहे. डॅशबोर्ड उतरवायला मी एवढा का घाबरतो तर एकदा तो उतरला की बऱ्याच गाड्या पुन्हा पहिल्यासारख्या बसत नाहीत, कुठूनतरी कर्र कर्र सुरू होतं, आणि त्याचं एस्टिमेट कुणी देत नाही. अर्थात फ्लॅपच तुटला असेल किंवा कॉइल लीक असेल तर बहुतेक गाड्यांत डॅशबोर्ड उतरवल्याशिवाय गत्यंतर नाही, ते मान्य.

अजून एक गोष्ट लिहायची ती आमच्या विदर्भातल्या कारागिरांबद्दल, आणि हे त्यांना आवडणार नाही. फ्लॅपची कटकट नको म्हणून काही जण हीटरची लाइनच बंद करून देतात, इंजिनच्या खोलीत दोन पाइप एकमेकांना जोडले की झालं, हीटरमध्ये गरम पाणी जातच नाही, मग फ्लॅप कुठेही अडकू दे. "आपल्या इकडे हीटर लागतेच कधी" हे वर. तपासणीपुरतं तात्पुरतं केलं तर ठीक आहे, त्यानेही दोष फ्लॅपचा आहे हे सिद्ध होतं. पण कायमचं करू नका. पावसाळ्यात काचेवर आतून धुकं धरतं तेव्हा एसीने हवा कोरडी करायची आणि हीटरने थोडी गरम करून काचेवर मारायची, हाच सगळ्यात पटकन काच साफ करायचा उपाय. चिखलदऱ्याला जुलै-ऑगस्टमध्ये गेलेल्यांना विचारा, मेळघाटातल्या वळणांवर समोरची काच पांढरी झाली की काय होतं. म्हणूनच मी म्हणतो की फ्लॅप मोटर हा नुसत्या आरामाचा विषय नाही. काचेकडे हवा वळवणारी मोटर अडकली, किंवा आतली-बाहेरची हवा निवडणारी मोटर 'आतली' वर अडकली, तर पावसात श्वासाच्या वाफेने काच धुरकटत राहते आणि रुमालाने पुसत पुसत गाडी चालवावी लागते. तीच मोटर उन्हाळ्यात 'बाहेरची' वर अडकली तर ४५ डिग्रीची हवा सतत आत ओढली जाते, एसी कितीही चांगला असो तो हरतो, आणि माणूस पुन्हा गॅस भरायला धावतो.

माझी विनंती एवढीच, पुढच्या पुरवणीत ती चौकट बदला. टॉपअपच्या जागी लिहा की आधी प्रेशर मोजून घ्या, कमी असेल तर लीक शोधा, आणि बरोबर असेल तर फ्लॅप बघा. आणि जमलं तर पुण्या-मुंबईच्या मोठ्या वर्कशॉपवाल्यांबरोबर एखाद्या शेडमधल्या एसीवाल्यालाही विचारून लिहा, आमचा तो मनुष्य तर फोटो छापणार असाल तर एका पायावर तयार आहे.

पत्र फार मोठं झालं याची जाणीव आहे. जागा कमी असेल तर माझी गाडी, माझा मीटर, स्पर्धा आयोग सगळं कापा, पण पाइपाला हात लावून बघायचं तेवढं ठेवा.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त वीज कर्मचारी, अकोला
(नाव छापू नये ही विनंती)